मधली पायरी : कल्याण तालुका, त्याची भावंडे आणि एक नदी



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या एका कार्यकर्त्याने फोनवर विचारले, "सर, तालुक्यावर कोणी तासभर बोलतो का?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे किल्ल्यांवर बोलतात, देवळांवर बोलतात, गावाच्या जत्रेवर लेख येतात, जिल्ह्याचे तर सरकारच गॅझेटियर काढते. तालुक्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. माणूस गाव सांगतो, जिल्हा सांगतो, आणि तालुका फक्त अर्जात लिहितो. पण सातबारा असो, जातीचा दाखला असो, उत्पन्नाचा दाखला असो, सरकार नावाची गोष्ट सामान्य माणसाला पहिल्यांदा खिडकीतून दिसते ती तहसील कचेरीतच. गाव आणि जिल्हा यांच्या मधल्या या पायरीवर मी आज बोलणार आहे. उदाहरण आपल्या पायाखालचे घेतो. आजची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे ज्याच्या पोटात होती, तो जुना कल्याण तालुका.

त्याआधी थोडे लांब जाऊन येऊ, आयर्लंडला. तिथे अशीच एक मधली पायरी होती, तिचे नाव बॅरनी. सगळ्यात खाली टाउनलँड, म्हणजे आपल्या मौजाहूनही लहान, कधी चारदोन घरांची वस्ती आणि तिची शेते. त्यावर पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. साऱ्या बेटावर बॅरनी तीनशेहून अधिक, टाउनलँड साठ हजारांहून अधिक. बॅरनींची मुळे इंग्रजांच्या आधीची आहेत. गेलिक सरदारांच्या मुलखांचा एक हिशेब होता, 'तीस शतके', म्हणजे तीस शेकडे, अशा अर्थाचा, आणि नंतरच्या कितीतरी बॅरनी त्या जुन्या मुलखांवर बेतलेल्या आहेत. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या फौजेने आयर्लंड जिंकला आणि जप्त केलेल्या जमिनी वाटायच्या म्हणून विल्यम पेटीकडून मोजणी करून घेतली. त्याने १६५५-५६ च्या सुमारास नकाशे काढले ते बॅरनीवार. पुढे एकोणिसाव्या शतकात ग्रिफिथने जमिनींची आणि घरांची मूल्ये ठरवली, तीही बॅरनीवार छापली. रस्ते-पुलांच्या खर्चाची मागणी बॅरनीच्या बैठकीत व्हायची आणि त्यासाठीची पट्टीही बॅरनीवर बसायची. मग १८९८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने ही कामे नव्या मंडळांकडे गेली आणि बॅरनी कामावरून उतरली. रद्द कोणी केली नाही. जमिनीच्या जुन्या दस्तांत ती आजही लिहिलेली सापडते. फक्त तिच्या नावाने आता कोणी कचेरीत जात नाही.

हे मी का सांगतो आहे? तिथे जे झाले ते आपल्याकडे हजार वर्षांत एकदा सोडून अनेकदा झाले आहे. खालचे गाव टिकते. वरचा मुलूख नाव बदलून का होईना, उभा राहतो. मधली पायरी मात्र प्रत्येक राज्यकर्ता उखडतो आणि पुन्हा आपल्या मापाने बसवतो.

आपल्या भागातला सर्वांत बोलका पुरावा लोनाडजवळचा आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९ चा, म्हणजे इसवी सन ९९७ चा ताम्रपट. त्याने लोनाडच्या लोनादित्य देवासाठी एक गाव दान दिले. गाव भादाणे, आजच्या भिवंडी तालुक्यातले. ते कोणत्या विषयात, म्हणजे कोणत्या तालुक्यात होते, तेही ताम्रपट सांगतो : महिरिहार. भादाणे आजही आहे, लोनाडही आहे. महिरिहार कुठे गेला? त्या नावाचा तालुका नाही, गावांच्या वरचा जुना विभाग म्हणजे तर्फही नाही. दान देणाऱ्या राजाचा वंश बुडाला तशी त्याची मधली पायरीही बुडाली. शेतकरी राहिले, म्हणून गाव राहिले.

याच शिलाहारांचा आणखी एक ताम्रपट भांडुपला मिळाला, छित्तराजाचा, शके ९४८ चा. त्यात विषयाचे नाव आहे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख. म्हणजे आपली साष्टी. आयर्लंडच्या 'तीस शतकां'सारखाच हा मोजणीचा हिशेब. पण या नावाचे नशीब वेगळे निघाले. पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले, आणि १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला तेव्हाही त्यात दक्षिण साष्टी नावाचा तालुका होताच. नऊशे वर्षे एका मधल्या पायरीचे नाव टिकले. कारण नकाशा पाहिला की कळते. साष्टी हे बेट होते, खाड्यांनी चारी बाजूंनी तोडलेले. तिची हद्द राजाने आखलेली नव्हती, त्यामुळे राजा बदलल्याने पुसलीही गेली नाही. आयर्लंडच्या उत्तरेला डोनेगॉल काउंटीत इनिशोवेन नावाचे द्वीपकल्प आहे. त्याची एक बॅरनी होती, १८५१ मध्ये तिचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, १८९८ नंतर दोन्ही तुकडे निकामी झाले. तरी तिथला माणूस आजही स्वतःला इनिशोवेनचा म्हणवतो. पाणी आणि डोंगर जिथे हद्द आखतात तिथे मधली पायरीसुद्धा चिवट होते. हे सूत्र लक्षात असू द्या, शेवटी मला त्याच्याकडे यायचे आहे, कारण आपल्याकडची गोष्ट नेमकी याच्या उलट घडली.

आता अंबरनाथच्या देवळाकडे. इथल्या श्रोत्यांना मी शिल्पे समजावून सांगणे म्हणजे आगाऊपणा. मला त्यातल्या शिलालेखाबद्दल बोलायचे आहे. लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आधी ७८२ वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखवले, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षे पुढे आले. लेख आहे महामंडलेश्वर मांवाणीराजाचा, ज्याला आपण मुम्मुणी म्हणतो. या लेखात देवाइतकीच कारभाऱ्यांची हजेरी आहे. राजाबरोबर महामात्यापासून खाली अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. वालधुनीच्या काठावर, त्या काळात रानात असणाऱ्या या जागी, दगडावर जे पहिले लिहिले गेले ते एका अर्थी सरकारी कागदच आहे. देवळे पाहताना आपण लेखातला राजा वाचतो आणि बाकीची नावे सोडून देतो. मला स्वतःला त्या बाकीच्या नावांतच रस आहे. गावोगावचे भात मोजून आणल्याशिवाय भूमिज शैलीचे शिखर उभे राहत नाही.

भात हा शब्द इथे महत्त्वाचा. कल्याणच्या मुलखाचे सारे अर्थकारण दोनच गोष्टींवर चालले, भात आणि बंदर. उल्हास नदी खंडाळ्याजवळ राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत उत्तरेला येते आणि कल्याणजवळ पश्चिमेला वळून खाडीला मिळते. सुमारे सव्वाशे किलोमीटरची नदी. वाटेत तिला पेज, पोशीर मिळतात, बदलापूरच्या खाली बारवी मिळते, पुढे भातसेचे पाणी घेऊन काळू येते. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते आणि तिथून वर गोडे पाणी. जिथे गलबत थांबते आणि बैलगाडी सुरू होते, तिथे गाव मोठे होणारच. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचे बंदर आहे. बंदराच्या मागचा भाताचा मुलूख म्हणजे कल्याण प्रांत.

या मुलखाची दक्षिण-पश्चिम भिंत तुम्ही रोज लोकलच्या खिडकीतून पाहता. माथेरानपासून निघालेली रांग पेब, नाखिंड, चंदेरी, म्हैसमाळ, नवरा-नवरी, टवली असे करत मलंगगडाशी येते. तिच्या पलीकडचे पाणी पनवेलकडे जाते, अलीकडचे उल्हासला. पूर्वेला बारवीच्या बाजूचे डोंगर. मधे हा लांबट, खोलगट भाताचा पट्टा. भूगोलाने इतका नीट घडवलेला तालुका शोधून सापडणार नाही. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले आणि लगेच कॅप्टन अॅबिंग्टनला मलंगगडावर धाडले, ते उगाच नव्हे. भिंत ज्याची त्याचा मुलूख.

मराठेशाहीतली व्यवस्था थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला घरच्या जुन्या कागदांतून माहीत असेल. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. इथल्याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची बांधणी सुरू झाली. नंतर मोगलांनी कल्याण घेतले, पुन्हा मराठ्यांनी. पेशवाईत सुभ्याचे ठाणे कल्याणला. सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचा वाडा, सुभेदारवाडा या नावाने कल्याणला आजही ओळखला जातो. सुभ्याखाली महाल आणि तर्फा, तर्फेखाली मौजे. गावाला पाटील, परगण्याला देशमुख-देशपांडे. वरचे अधिकारी पुण्याहून येत आणि जात, देशमुख पिढ्यान्पिढ्या राहत. तर्फा गेल्या, पण त्यांचे काही अवशेष अजून चिकटून आहेत. वर कर्जत तालुक्यात काही गावांच्या नावामागे 'तर्फ वरेडी' लिहिलेले दिसते. एकाच नावाची दोन गावे असली की तलाठ्याला ओळख पटवण्यापुरती तर्फ जिवंत ठेवावी लागते. बॅरनी जशी दस्तात उरली, तशी आपली तर्फ गावाच्या शेपटाला उरली.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कायमचा इंग्रजांकडे गेला. उत्तर कोकण जिल्हा, ठाणे मुख्य ठिकाण. इंग्रजांनी सुरुवातीला जुनीच पोटविभागणी चालवली. त्यांच्या पहिल्या कागदांत कर्जत नाही, नसरापूर आहे. शहापूर नाही, कोळवण आहे. डहाणू नाही, संजाण आहे. नंतर एकेक करून ठाण्याची जागा बदलली आणि तालुक्याचे नावही बदलले. १८५० च्या दशकाच्या मध्यावर कॅप्टन फ्रान्सिसने नसरापुरापासून मोजणी सुरू केली. ज्याला आपण सर्व्हे नंबर म्हणतो तो या भागात इथून जन्माला आला. आजही बदलापूरच्या टॉवरच्या जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत जो सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, तो भाताच्या खाचराचा आहे.

इथे आयर्लंडचा धागा पुन्हा जुळतो. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये मुद्दाम आयर्लंडला गेला होता. तिथे कर्नल कोल्बीची मोजणी चालू होती आणि पायारेषा मोजायच्या त्याच्या दांड्या उष्णतेने लांबी बदलत नसत. ते तंत्र पाहून, शिकून एव्हरेस्ट परत आला. एकाच साम्राज्याने दोन्ही देश एकाच तऱ्हेने मोजले : वरून त्रिकोण टाकत आले, खालून शेत मोजत आले. मधली पायरी दोन्हीकडे सरकारच्या सोयीवर सोडली.

सोयीची दोन उदाहरणे देतो. दुसऱ्याचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा वेगळा झाला. १८८३ मध्ये पनवेल ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडले. ते समजण्यासारखे होते, पनवेल डोंगरापलीकडेच आहे. १८९१ मध्ये कर्जतही कुलाब्याला दिले. त्या दिवशी उल्हास नदीचे दोन तुकडे झाले. उगम आणि वरचे खोरे एका जिल्ह्यात, मधले आणि खालचे दुसऱ्यात. कुलाब्याचा रायगड झाला तरी ती रेघ तशीच आहे, वांगणीच्या पुढे, शेलू-नेरळच्या अलीकडे. लोकलमध्ये बसलेल्या माणसाला ती दिसत नाही.

खालच्या खोऱ्यात मात्र कल्याण तालुका शाबूत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पावणेतीनशे चौरस मैलांच्या आसपास होता, दोनशेहून अधिक गावे, आणि सारी लोकसंख्या लाखाच्या आत. कल्याण शहर दहा-अकरा हजारांचे. एवढा मुलूख एक मामलेदार घोड्यावरून सांभाळत असे. रेल्वे त्याआधीच आली होती. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत, आणि १८५६ मध्ये आपल्या बाजूने कर्जतच्या पुढे पळसदरीपर्यंत. कल्याणला रुळांचा चिमटा उघडतो, एक पाते कसाऱ्याकडे, दुसरे कर्जतकडे. या चिमट्याच्या मधली जागा पुढे फार मोलाची ठरणार होती. पण जवळजवळ नव्वद वर्षे तिथे काही विशेष झाले नाही. अंबरनाथला पाणी, रूळ आणि मोकळी जमीन तिन्ही पाहून काडेपेटी आणि रसायनांचे कारखाने आले, विम्को आणि धरमसी मोरारजी ही नावे इथल्या जुन्या घरांत अजून निघतात. पण तालुक्याचे पोट भातावरच होते.

मग दुसरे महायुद्ध. चिमट्याच्या मधे, शहाड, वडोल, आशेळे, माणेरे या गावांच्या शिवारात लष्कराने छावणी उभारली. कल्याण ट्रान्झिट कॅम्प. पाच भाग, दोन हजारांहून अधिक बराकी. सैनिक यायचे, थांबायचे, जहाजाने नाहीतर रेल्वेने पुढे जायचे. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि लगेच फाळणी. सिंधमधून जहाजांनी मुंबईला उतरलेल्या लोकांना सरकारने इथे आणले, सुमारे लाखभर माणसे. कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना अशा शहरांत वाढलेली व्यापारी, कारकुनी, शिक्षकी घरे लष्करी बराकींत पडदे लावून राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि कॅम्पचे उल्हासनगर झाले. नाव नदीचे दिले. ही नदी शहराच्या कडेने जाते, शहराच्या आतून जाते ती वालधुनी, पण वालधुनीच्या नावाने शहर कोण वसवणार?

मी मघाशी म्हणालो की खालची पायरी टिकते. उल्हासनगर हा त्याला मोठा अपवाद. इथे गाव नावाची पायरीच कागदावरून निघाली. पत्ता झाला बराक नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर. विस्थापितांच्या भरपाईचा १९५४ चा कायदा आला, बराकींचे तुकडे राहणाऱ्यांच्या नावे झाले, सनदा मिळाल्या. शेजारच्या अंबरनाथला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर चालतो. उल्हासनगरच्या मिळकतीच्या कागदावर यू नंबर आणि शीट नंबर असतो. तिथे मौजाच्या जागी कॅम्प आला आणि खाचराच्या जागी बराक. पुढे बराकीवर मजले चढले, परवानग्यांविना चढले. शेवटी २००६ मध्ये राज्य सरकारला खास उल्हासनगरच्या अनधिकृत बांधकामांसाठी वेगळा कायदा करावा लागला. एका शहरासाठी असा कायदा म्हणजे त्या जमिनीचा इतिहास बाकी महाराष्ट्राच्या चौकटीत बसत नाही याची कबुलीच.

आणि तरीही! वडोल गाव आहे, आशेळे आहे, माणेरे आहे. त्यांची देवळे आहेत, पालख्या आहेत. रिक्षावाला 'माणेरे गाव' म्हटले की अचूक नेतो. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात पोस्टाने टाउनलँडची नावे पत्त्यांतून काढली आणि रस्त्यांची नावे व घरांचे नंबर आणले. लोक चिडले, मोहिमा झाल्या, कारण त्या नावांत त्यांचे आजे-पणजे होते. आपल्याकडे मोहीम वगैरे झाली नाही. लोकांनी पत्र कॅम्प नंबरवर मागवले आणि बोलताना गावाचे नाव घेतले. मला हे जास्त शहाणपणाचे वाटते, पण आमच्या भूगोलवाल्यांची ही नेहमीची खोड, जिथे काही घडत नाही तिथेही शहाणपण पाहायचे.

एवढी माणसे आली आणि जुना कल्याण तालुका फुटू लागला. १९६० मध्ये उल्हासनगरला नगरपालिका झाली. १९६९ मध्ये कल्याण तालुक्याचे दोन तालुके झाले, कल्याण आणि उल्हासनगर, आणि अंबरनाथ, बदलापूर उल्हासनगर तालुक्यात गेले. पुढे अंबरनाथ तालुका वेगळा निघाला. आता स्थिती अशी, की उल्हासनगर तालुका म्हणजे फक्त उल्हासनगर शहर. तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, त्यात २०११ च्या जनगणनेत ५ लाख ६ हजार माणसे, आणि खेडे एकही नाही. भाताचे एक खाचर नसलेला तालुका! मामलेदार ज्या कामासाठी नेमला गेला होता, ते काम जिथे उरलेच नाही तिथे त्याचा वारस कचेरी चालवतो. शहरालगतची आणि मलंगगडापर्यंतची गावे, बदलापूरची, वांगणीची गावे अंबरनाथ तालुक्यात. आणि अंबरनाथ तालुक्याचा उपविभाग पुन्हा उल्हासनगर. म्हणजे तालुक्याने ज्याच्यातून सुटका करून घेतली, अपील घेऊन त्याच्याच दारात जायचे.

शहरांची गोष्ट वेगळी आणि तितकीच गुंत्याची. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा तिच्यात डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही घातले. उल्हासनगर मधेच बेटासारखे बाहेर. बदलापूरहून कराची तक्रार घेऊन कल्याणला जायचे, वाटेत उल्हासनगर ओलांडून. हे नऊ वर्षे चालले. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. १९९६ मध्ये उल्हासनगरची महानगरपालिका झाली. कुळगाव-बदलापूर हे जोडनाव बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते, पण ते प्रामाणिक आहे. बदलापूर गाव पश्चिमेला नदीकडे, स्टेशन कुळगावात. रेल्वेने कुळगावातल्या स्टेशनला बदलापूर म्हटले, लोकांनी नगरपालिकेत हिशेब चुकता केला. कात्रप, बेलवली, मांजर्ली, माणकिवली, खरवई, शिरगाव ही गावे याच शहरात विरली. विरली म्हणजे नावे नव्हेत, बांध विरले. २०११ मध्ये इथे १ लाख ७४ हजार माणसे होती, अंबरनाथला अडीच लाखांच्या वर. आज ते आकडे वाचून इथे कोणीही हसेल. ठाणे जिल्हाही तेव्हा १ कोटी १० लाखांचा, लोकसंख्येने देशातला सर्वांत मोठा. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला.

ही विभागणी चूक होती असे मी म्हणत नाही. दोनशे खेड्यांसाठी आखलेल्या तालुक्यात लाखो माणसे मावणार नव्हती. पण आयर्लंडमध्ये बॅरनी गेली तेव्हा तिची कामे कोणाकडे जातील हे एका कायद्यात लिहिले गेले. आपल्याकडे तालुका दर खेपेला लहान होत गेला आणि त्याच्या कामातला एक भाग कोणाकडेच गेला नाही. तो भाग म्हणजे नदी.

सुरुवातीचे सूत्र आठवा. साष्टी टिकली कारण तिची हद्द पाण्याने आखली होती. उल्हासचे खोरेही पाण्याने आणि डोंगरानेच आखलेले आहे, मघाशी ती भिंत आपण पाहिली. पण इथे प्रत्येक नवी रेघ पाणी कापत गेली. १८९१ ची रेघ, १९६९ ची रेघ, नगरपालिकांच्या रेघा. वालधुनी अंबरनाथच्या मागच्या काकोळ्याच्या डोंगरात उगवते, अंबरनाथच्या कारखान्यांजवळून आणि देवळाला लागून जाते, उल्हासनगरच्या मधून जाते आणि कल्याणला उल्हासला मिळते. काही किलोमीटरच्या नदीला एक नगरपालिका, दोन महानगरपालिका आणि एमआयडीसी, इतके मालक. रंगीत पाणी कोणाच्या हद्दीत नदीत पडले यावर कागद रंगतात. वास मात्र विठ्ठलवाडीला गाडी शिरली की सगळ्यांना एकदमच येतो.

२६ जुलै २००५ च्या पुराची आठवण इथे कोणाला करून द्यायला नको. मी २७ जुलै २०१९ बद्दल सांगतो. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, दोन्ही बाजूला नदीचे पाणी, रूळ दिसेनात. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आले, आसपासच्या गावांतले लोक आले, सगळे प्रवासी सुखरूप निघाले. देशभर बातमी झाली. त्या बातमीत एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही : हे पाणी पडले कुठे? त्यातले कितीतरी माथेरानच्या उतारावर, भीमाशंकरच्या पश्चिम उतारावर, खंडाळ्याच्या घाटाखाली, कर्जतच्या शिवारात पडले. म्हणजे रायगड जिल्ह्यात. तिथे पडायचे आणि इथे चढायचे, यात काही तासांचे अंतर असते. त्या तासांचा हिशेब दोन जिल्ह्यांच्या दोन नियंत्रण कक्षांत वाटला जातो. कर्जत ठाण्यातच असते तर गाडी अडकली नसती, असा बालिश दावा मी करत नाही. पण पूर कर्जतला शिरला की त्याची खबर बदलापूरला देणे हे कोणा एकाचे रोजचे काम झाले असते, एवढे नक्की.

आणि आता उन्हाळ्याचे पाणी. कोकणातल्या नद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डबकी होतात. उल्हास मात्र मे महिन्यातही वाहते. नदीच मोठी म्हणून? नव्हे. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे, टाटांच्या वीज कंपनीचे. त्याचे पाणी बोगद्याने आणि नळांनी घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडतात. १९२२ पासून हे चालू आहे. वीज मुंबईला जाते आणि वापरलेले पाणी उल्हासच्या खोऱ्यात येते. ते पाणी मुळात पूर्वेला जायचे होते, इंद्रायणीला, भीमेला, पंढरपुरावरून कृष्णेला. शंभर वर्षे ते पश्चिमेला वळते आहे. त्याच्या आधारावर खालच्या शहरांच्या पाणी योजना बसल्या. बदलापूरच्या बंधाऱ्यातून, शहाडच्या आणि मोहोन्याच्या पंपांतून आपण उन्हाळ्यात जे पितो, त्यात हे पाणी आहे. बारवीचे धरण एमआयडीसीने बांधले, त्याची चर्चा दर पावसाळ्यात होते, किती भरले, कधी ओसंडले. भिवपुरीची चर्चा आपल्याकडे होत नाही. ती पुण्याकडे होते, कारण वळवलेले पाणी परत पूर्वेला मिळावे ही तिथली मागणी जुनी आहे आणि दुष्काळ पडला की ती जोर धरते.

प्रश्नोत्तरांत मला विचारले जाईल, म्हणून आधीच सांगून टाकतो : मग पुन्हा जुना कल्याण तालुका करायचा का? नाही. कोणाच्या सातबाऱ्यावरचे तालुक्याचे नाव आणखी एकदा बदलू नये, लोकांनी फार रांगा लावल्या आहेत. मला हवे आहे ते याहून लहान. महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती कर्जत आणि अंबरनाथचे तहसीलदार, दोन नगरपालिका, दोन महानगरपालिका, एमआयडीसी, पाटबंधारे आणि भिवपुरीच्या वीजगृहाचा एक अभियंता यांनी बसावे. समोर एकच नकाशा असावा, राजमाचीपासून खाडीपर्यंतचा, आणि त्यावर तालुक्यांच्या रेघा काढू नयेत. पहिल्या बैठकीला विषय म्हणून मी पूररेषा सुचवीन. बदलापुरात कात्रपच्या आणि हेंद्रेपाड्याच्या कितीतरी सोसायट्यांना ती आपल्या पार्किंगमधून जाते की जिन्यातून, हे अजून भिंतीवरच्या डागावरून ठरवावे लागते.